अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या गेम स्टुडिओसाठी कसे तयार करावे?

शिक्षक_कोल्हापूर
मी संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षाला गेम निर्मिती शिकवतो. यंदा चौघांचा एक गट नोकरी न शोधता स्वतःचा स्टुडिओ काढायचे म्हणतो आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ हा गेम त्यांचा आदर्श आहे. प्रोग्रॅमिंग आणि चित्रे त्यांना उत्तम जमतात. मात्र आमच्याकडे प्रकल्प सादर होऊन गुण मिळाले की काम संपते, गेम विकायचा कसा याचा अभ्यासक्रमात शब्दही नाही. घरच्यांच्या पैशांवर ही मुले उतरणार असल्याने मला काळजी वाटते. उरलेल्या एका सत्रात त्यांच्याकडून काय करून घ्यावे?

छोटा_स्टुडिओ
सर, एक लहानसा गेम पूर्ण करून घ्या आणि तो खरोखर विक्रीला लावायला सांगा. स्टीमवर, म्हणजे संगणकावरील गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, प्रत्येक गेमसाठी 100 डॉलर भरावे लागतात, भरल्यानंतर प्रकाशनापर्यंत किमान 30 दिवस थांबावे लागते आणि गेमचे ‘लवकरच’ असे पान निदान दोन आठवडे आधी दिसत राहावे लागते. म्हणून सत्राच्या शेवटच्या आठवड्यात जागे होऊन हे जमत नाही. ‘राजी’चा अभ्यास करताना किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरील त्या स्टुडिओच्या निधीसंकलनाला उद्दिष्ट गाठता आले नव्हते, हेही मुलांना अवश्य सांगा.

शिवाय फळ्यावर एक हिशेब मांडा. चौघांना दरमहा प्रत्येकी 25,000 रुपये हवे असतील, तर वर्षाचे 12 लाख होतात. 300 रुपयांच्या गेममधून स्टीमचा 30 टक्के वाटा गेल्यावर 210 रुपये उरतात, म्हणजे कर आणि इतर खर्च धरण्याआधीच सुमारे 5,700 प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. हा आकडा मुलांनी स्वतः काढला, तर गेम किती मोठा करायचा हे ते अधिक विचाराने ठरवतात, असा माझा अनुभव आहे.

एकटा_डेव्हलपर
वरील सल्ला योग्य आहे, फक्त पहिला गेम फारच लहान असेल तर स्टीमऐवजी इच.आयओ या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर ठेवावा, असे मला वाटते. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात, त्यामुळे तासाभरात संपणारा गेम पूर्ण खेळूनही परत करता येतो. इच.आयओवर सुरुवातीचे शुल्क नाही आणि संकेतस्थळाला किती वाटा द्यायचा हे विक्रेताच ठरवतो.

वकील_नागपूर
पैशांआधी मालकीचे बोला. नोकरीचा करार नसलेल्या मित्रांच्या गटात ज्याने जो कोड लिहिला किंवा जे संगीत रचले, त्याचे हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत धरला जातो. जगभर विकायच्या गेमसाठी ही उणीव फार महागात पडू शकते. चौघांपैकी एकाने उद्या नोकरी धरली तर काय, याचे उत्तरही त्याच कागदावर असावे.

शिक्षक_कोल्हापूर
मनापासून आभार. येत्या सोमवारच्या तासाला आधी तो 12 लाखांचा हिशेब आणि मग मालकीचा करारनामा घेतो. मुलांनी तयार केलेला मसुदा येथे ठेवला, तर वकीलसाहेब, आपण तो नजरेखालून घालाल का?