४५ दिवसांत पैसे: या नियमाने लघुउद्योजकाचं भलं झालं की नुकसान?

भोसरी_जॉबवर्क:
सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा करता येत नाही. ती वजावट पैसे देईल त्या वर्षीच मिळते. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणलेला हा नियम (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच)) माझ्या मते आपल्यासाठी आजवरची सर्वांत कामाची गोष्ट आहे. ४५ दिवसांची मर्यादा २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातही होतीच, वर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी आपणच त्या कायद्याखालच्या कौन्सिलकडे (थकीत बिलांचे वाद ऐकणारी समिती) तक्रार करायची. ज्याच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) आपलं वर्कशॉप चालतं त्याच्याविरुद्ध कोण जाईल? आयकराचा नियम मी तोंड न उघडताही लागू होतो.

अंबड_शीटमेटल:
अजिबात पटत नाही. आम्ही माल देतो त्या कंपनीच्या पर्चेसवाल्याने सरळ सांगितलं, उद्यम नोंदणी (एमएसएमई असल्याची सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर काम मध्यम युनिटला देतो. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही, म्हणजे लहान असण्याचीच शिक्षा. नियम करणाऱ्यांनी एकदा पर्चेसच्या केबिनबाहेर बसून पाहावं.

सीए_कोल्हापूर:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. जूनचं बिल डिसेंबरात दिलं तरी वर्ष तेच, म्हणून खर्च वजा होतोच. नियम चावतो तो फक्त ३१ मार्चला बाकी असलेल्या आणि मुदतीत न चुकवलेल्या बिलांना. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे येतात आणि एप्रिलपासून पुन्हा तेच. पुरवठादार मात्र पैसे न येताही त्या बिलावरचा जीएसटी भरून मोकळा.

आणि 'क्वालिटीने अजून पास केलं नाही' हे तोंडी कारण चालत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. गेटवर डिलिव्हरी चलनाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. जीआरएन (कंपनीची माल मिळाल्याची नोंद) तीन आठवड्यांनी निघाला तरी मुदत त्या शिक्क्यापासूनच मोजायची. पीओवर ९० दिवस छापले असले तरी कायद्यापुढे ४५ च.

भोसरी_जॉबवर्क:
३१ मार्चचा मुद्दा मान्य. पण म्हणून नियम काढायचा नाही, वर्षभर लागू करायचा. कंपन्या दर सहामाहीला एमएसएमई-१ फॉर्ममध्ये ४५ दिवसांवरची थकबाकी सरकारला कळवतातच. त्यावरून व्याज आपोआप लावा, पुरवठादाराला पुढे करू नका.

अंबड_शीटमेटल:
व्याज लावाल, तर दर कापतील. दर ठरवणारा तोच आहे ना? त्यापेक्षा ट्रेड्सवर (बिलांवर बँकेकडून आगाऊ पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बिल स्वीकारायची सक्ती करा. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँक आम्हाला काही दिवसांत पैसे देते, वसुली बँक आणि कंपनी बघून घेतील. मोठ्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली, पण नोंदणी करून एकही बिल चढवलं नाही तरी चालतं. आधी ती पळवाट बुजवा.