मदत हवी आहे: ब्रुइन्सचं ट्रेनिंग कॅम्प बघायला किती लवकर पोचावं?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी टीमचा सीझनआधीचा सराव, म्हणजे ट्रेनिंग कॅम्प, बघायला ब्रायटनच्या वॉरियर आइस अरीनात मुलाला न्यायचंय. तो नऊ वर्षांचा आहे, स्वतः गोलकीपर आहे, आणि त्याला फक्त ब्रुइन्सचा गोलकीपर स्वेमन बघायचाय, तोही जवळून. गोलकीपर एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे कसा सरकतो, गुडघे टेकताना पॅड कसे आपटतात, हे टीव्हीवर कळतच नाही.

मागच्या वर्षी आम्ही एकदा गेलो होतो. कॅम्पमध्ये खेळाडूंचे गट पाडतात आणि ते वेगवेगळ्या वेळी बर्फावर उतरतात, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा स्वेमनचा गट सराव संपवून आत गेलेला. बर्फ साफ करणारं मशीन फिरत होतं, आणि पोरगं काचेला नाक लावून उभं.

या वेळी वेळापत्रक आणि गटांची यादी टीमच्या साइटवर आदल्या दिवसापासून बघत राहणार आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. गाडी नाही, फ्रॅमिंगहॅमहून ट्रेननं बोस्टन लँडिंगला उतरू. शाळेमुळे शनिवार-रविवारच जमेल. आत गारठा असतो, जॅकेटं घेऊच.

जागा मोजक्या असतात, म्हणून ज्यांनी वीकेंडला कॅम्प पाहिलाय त्यांनी सांगा: रांगेत साधारण किती आधी लागावं? पहिला गट संपल्यावर त्याच जागी बसून दुसरा बघता येतो का? आणि गोलकीपरांचा वेगळा सराव कोणत्या टोकाला चालतो?