मदत हवी आहे: नागपूर झोन २ मध्ये, तरी घर भूकंपाच्या हिशेबाने बांधावं का?

बेसावाला

बेसा रोडला १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर घर काढतोय. खाली पार्किंग, वर दोन मजले. पायाचे खड्डे झालेत, पुढच्या आठवड्यात कॉलम उभे राहतील, म्हणून घाईत विचारतोय.

कॉलम ९ बाय १२ इंची धरलेत. भूकंपाचा भार धरलाय का, विचारलं तर ठेकेदार हसलाच. "भाऊ, नागपुरात कुठचा भूकंप येऊन राहिला? आपण झोन टूवाले." म्हणजे भूकंपाच्या नकाशावर कमी धोक्याचा पट्टा. घरचेही त्याच्याच बाजूने. बायको म्हणते, तेवढ्या जादा खर्चात किचनच्या ट्रॉल्या होतात.

पण २२ मे १९९७ ला मी जबलपूरला मामांकडे होतो. पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले, उकाड्यामुळे सगळे गच्चीवर. आधी घराखालून मालगाडी गेल्यासारखा आवाज, मग खाटा सरकल्या. खाली आलो तर माजघराच्या भिंतीत कोपऱ्यातून तिरपी भेग, मामींचा पंजा आत जाईल एवढी.

किल्लारीचं तर सगळ्यांना माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला ६.२ चा धक्का बसला तेव्हा तो भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे नकाशातला सगळ्यात निर्धास्त. २००२ च्या नकाशातून झोन १ च काढून टाकला आणि किल्लारी झोन ३ मध्ये गेली. आधी माणसं गेली, मग रंग बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणात मुलुगूला ५.३ चा झाला, तेव्हा सकाळी साडेसातला आमचा बंद पंखा डुलत होता.

प्लेटच्या (भूपट्टाच्या) कडेपासून इतक्या लांबच्या गावाचा धोका ठरवतात तरी कसा? आणि मी नेमकं काय वाढवून घेऊ?

उमरेडकर

आमच्याकडे दुपारी घर हललं की खाणीतला ब्लास्टिंग समजायचं 😀 पण किल्लारीला १९९२ पासूनच छोटे धक्के बसत होते, तेही लोकांच्या अंगवळणी पडले होते.

सळईसिमेंट

डिझाइनच करतो, म्हणून लिहितो.

प्लेटच्या कडेला ताण भराभर साठतो, भूकंप वारंवार होतात, नोंदी भरपूर मिळतात. आपल्याकडे तो इतका सावकाश साठतो की एकाच भेगेवर (खडकातली फट, जिच्या बाजूने जमीन सरकते) पुन्हा मोठा धक्का यायला हजारो वर्षं जाऊ शकतात, आणि यंत्रांच्या नोंदी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांच्या. म्हणून अभ्यासक जुन्या भेगांवर चर खणून मातीचे थर किती सरकले ते बघतात, जीपीएसने जमिनीची हालचाल मोजतात. नर्मदा-सोनचा पट्टा असा ओळखीचा आहे, जबलपूर त्यावरच. किल्लारीची भेग मात्र बेसाल्टखाली झाकलेली होती, आधी कोणाला दिसलीच नव्हती. त्यामुळे "इथे भेग माहीत नाही" याचा अर्थ "इथे भेग नाही" असा घेऊ नका.

झोन म्हणजे भाकीत नव्हे. कमीत कमी किती हादऱ्यासाठी बांधायचं, एवढंच तो सांगतो. २०१६ च्या भूकंपाच्या मानकात भार काढायचा झोन २ चा गुणक ०.१०, झोन ३ चा ०.१६. शून्य कुठेच नाही. हे ठेकेदाराला दाखवा.

मला खरी काळजी तुमच्या पार्किंगची वाटते. वर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम. हादरा आला की खालचाच मजला आधी बसतो. २००१ च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच इमारती कोसळल्या. तेव्हा खाली कॉलमांमधल्या काही चौकटीत तरी भिंती किंवा आरसीसीची भिंत घ्या, दोन्ही दिशांना. कॉलमची लहान बाजू ३०० मिमी करा. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांचे आकडे (हूक) १३५ अंशात आत वळवा, टोक ६५ मिमी तरी राहू द्या, आणि बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट. असं सळईकाम सांगणारं १३९२० क्रमांकाचं मानक झोन ३ पासून सक्तीचं आहे, पण झोन २ मध्ये पाळलं तर कोणी दंड करत नाही. शटरिंग लागण्याआधी स्वतः जाऊन बघा, फोटोवर भागवू नका.

बेसावाला

धन्यवाद दादा. आजच साइटवर गेलो. दोनशेएक रिंगा वाकवून ठेवल्यात, सगळ्यांचे आकडे सरळ ९० मध्ये. लोहा बांधणारा म्हणतो, "वळवून देतो, पण मजुरी वेगळी." ते कबूल केलं. ठेकेदार मात्र अडून बसलाय: ९ चा १२ केला तर गाडीचं दार उघडणार नाही म्हणे. तीन इंचांसाठी कॉलम प्लॉटच्या हद्दीकडे सरकवला तर चालेल का? खड्डा तसा मोठाच खणलाय.