सात गाड्या, साडेपाच मीटरची गल्ली: पाहुण्यांनी गाड्या लावायच्या कुठे?

जिना_उजवीकडे
येत्या शनिवारी घरी कार्यक्रम आहे, साधारण ६ ते १०:३०. सात चारचाकी आणि पाच दुचाकी येणार. इमारतीत खाली दहा स्लॉट, दहाच्या दहा वाटून झालेले. पाहुण्यांसाठी वेगळी जागा नाही. गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेपाच मीटर, सम-विषम तारखेचं पार्किंग, आणि शनिवारी सातनंतर मुंगी शिरायला जागा नसते. एक पाहुणे व्हीलचेअरवर, दोघांना फार चालवत नाही. एक गाडी मोठी एसयूव्ही, एक कुटुंब रात्री मुक्कामी. शेजाऱ्यांशी वाकडं न येता हे कसं जमवायचं?

काटकोन
माणसं उतरवणं आणि गाडी लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती आधी सुटी करा. सगळा घोळ दारासमोरच लावण्याच्या हट्टातून होतो. दारासमोरची जागा त्या संध्याकाळी कुणालाच देऊ नका, ती फक्त उतरण्यासाठी. गाडी थांबली, माणसं आणि सामान उतरलं, गाडी पुढे गेली. व्हीलचेअर लावायला गाडीच्या बाजूला सव्वा ते दीड मीटर मोकळं लागतं, म्हणून ती गाडी भिंतीला चिकटवून थांबवू नका.

आता गल्लीचं गणित. लावलेली गाडी आरशांसकट जवळपास दोन मीटर खाते. साडेपाचातून दोन गेले, उरले साडेतीन. अग्निशमनाची गाडी अडीच मीटर रुंद असते, म्हणजे ती जेमतेम निघेल. समोरच्या बाजूलाही "पाचच मिनिटं" म्हणून कुणी लावली की उरतो दीड मीटर, आणि मग रुग्णवाहिकाही अडकते. त्यामुळे एकच बाजू, अपवाद नाही.

लांबीत एका गाडीला सहा मीटर धरा. गाडी सव्वाचार मीटरच असते, पण समांतर लावताना मागेपुढे वळवायला जागा लागते. ३० मीटरच्या सलग कडेला पाच गाड्या. मध्ये फाटक आलं की हिशेब बिघडतो, कारण फाटकाची रुंदी अधिक दोन्हीकडे दीड-दीड मीटर सोडावं लागतं. अरुंद गल्लीत फाटकाच्या *समोरची* कडाही सोडा. बाहेर पडणाऱ्या गाडीचं नाक वळताना तिथपर्यंत येतं. "फाटक तर मोकळं होतं" म्हणणारे नेमके इथे फसतात.

स्टिल्ट_खांब
इमारतीतल्या दहापैकी दोन-तीन मालक शनिवारी संध्याकाळी बाहेर असण्याची शक्यता बरीच असते. पण ग्रुपवर "कुणाची पार्किंग रिकामी आहे का?" असं मोघम विचारलं की सगळे वाचतात आणि कुणीच उत्तर देत नाही. थेट त्या माणसाला विचारा, गाडी नंबर आणि वेळेसकट. मजकूर असा चालतो:

"शनिवारी ६ ते १०:३० तुमचा स्लॉट वापरू का? पांढरी हॅचबॅक, नंबर अमुक. तुम्ही लवकर परतलात तर फोन करा, १० मिनिटांत गाडी काढतो. किल्ली माझ्याकडेच असेल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नकार बहुतेक वेळा जागेसाठी नसतो, परत आल्यावर अडकून पडू या भीतीने असतो. होकार मिळाला की वॉचमनला नंबर आणि फ्लॅट क्रमांक कागदावर लिहून द्या. संध्याकाळी पाळी बदलते आणि तोंडी निरोप तिथेच हरवतो.

दोन मजली स्टॅक (एका गाडीवर दुसरी उचलून ठेवणारं यंत्र) असेल तर वरचा स्लॉट मागू नका. साध्या स्टॅकमध्ये वरची गाडी उतरवायला खालची आधी काढावी लागते, म्हणजे दुसऱ्याच मालकाला गळ घालणं आलं. शिवाय एसयूव्ही उंचीत बसेलच असं नाही; यंत्रावरच्या पाटीवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा.

एकामागे एक लावायच्या असतील तर सगळ्यात उशिरा निघणाऱ्याची गाडी आत. हे येण्याच्या नाही, *जाण्याच्या* क्रमाने ठरतं, त्यामुळे कोण कधी निघणार ते आधीच विचारून ठेवा. बाहेरची गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलायची युक्ती ऑटोमॅटिकला चालत नाही. बंद केली की ती सहसा "पी"मध्ये (पार्क) लॉक होते आणि जागची हलत नाही. मॅन्युअलही फक्त सपाट जमिनीवर आणि चाकाखाली दगड लावूनच.

तिसरी_लेन
पैसे देऊन लावायच्या जागेला आपल्याकडे लोक उगीच कमीपणा मानतात. सातपैकी चार गाड्या तिकडे पाठवल्यात तर अर्धा ताप संपला. मात्र आधी प्रत्यक्ष जाऊन चार गोष्टी विचारा: शेवटची गाडी किती वाजेपर्यंत *बाहेर* काढता येते (आत घेण्याची वेळ वेगळी असते), शनिवारी सहा वाजता साधारण किती भरलेलं असतं, रात्रभर ठेवू देतात का, आणि प्रवेशाची उंची किती. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी आडवी पट्टी असते. एसयूव्हीच्या टपावर कॅरिअर किंवा सायकल असेल तर ती तिथेच अडकते आणि मागे रांग लागते.

शनिवारी बंद असणारी कार्यालयं, शाळा यांची आवारंही विचारून पाहण्यासारखी असतात. परवानगी लेखी घ्या, निदान मेसेजवर. रात्री कुलूप लावायला येणाऱ्याला तुमचा तोंडी करार ठाऊक नसतो.

शोधण्यात वेळ किती जातो, हेही सांगतो. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी १९२७ ते २००१ दरम्यानचे अशा शोधाशोधीचे अभ्यास एकत्र मांडले होते. गजबजलेल्या भागात कडेची जागा मिळायला त्यांत साडेतीन ते १४ मिनिटं लागलेली दिसतात. म्हणून पाहुण्यांना कार्यक्रमाची वेळ १५ मिनिटं अलीकडची सांगा, आणि सगळ्यांना एकच वेळ देऊ नका. सात गाड्या एकदम आल्या तर उतरण्याची जागाच तुंबेल.

गल्लीबोळ
वरच्यांनी बरंच सांगितलंय. राहिलेलं:

पाहुण्यांना घराचं लोकेशन एकटं पाठवू नका. दोन पिन पाठवा, "इथे उतरा" आणि "इथे लावा". पार्किंगची पिन नेमकी *प्रवेशाच्या फाटकावर* टाका. इमारतीच्या मध्यावर टाकली तर नकाशा मागच्या रस्त्याला नेऊन सोडतो. एकेरी रस्ता असेल तर कुठल्या चौकातून आत यायचं तेही लिहा. आणि घरातल्या एकाला ६ ते ७ खाली उभं करा, फोन चार्ज केलेला. यजमानांनी स्वतः ही जबाबदारी घेऊ नये, ते वर लागतात.

कुंड्या, खुर्च्या किंवा दोरी लावून सार्वजनिक रस्ता अडवून ठेवू नका. त्या जागेवर तुमचा हक्क नाही, आणि भांडण हमखास होतं.

दुचाकींसाठी एक चारचाकी स्लॉट (साधारण अडीच बाय पाच मीटर) मिळाला की पाचही आडव्या बसतात. हँडल लॉक करू नका म्हणावं, म्हणजे मधली काढताना बाजूच्या सरकवता येतात. त्यामुळे स्लॉट आतला, वॉचमनच्या नजरेसमोरचा हवा.

जिना_उजवीकडे
दोन स्लॉट मिळतील असं दिसतंय. एकात व्हीलचेअरवाली गाडी, एकात दुचाकी, बाकी सहा गाड्या पैसे भरून. मुक्कामी गाडी मात्र रात्री अकरानंतर गल्लीत आणून लावली तर? तोवर कडेला जागा झालेली असते.

काटकोन
लावा, पण रविवारच्या बाजूला. मुक्कामी गाड्या बहुतेक इथेच उचलल्या जातात: शनिवारच्या तारखेप्रमाणे लावली, रात्री बाराला तारीख बदलली, सकाळी गाडी चुकीच्या बाजूला. आणि अकरालाच रविवारच्या बाजूला लावली तर तासभर नियमाबाहेर. बोर्डावर बदलाची वेळ लिहिली असेल तर ती पाळा, नसेल तर बाराच धरा. म्हणजे बारापर्यंत गाडी पैसे भरलेल्या जागेतच राहू द्या. ती त्याआधी बंद होत असेल तर रात्रभर ठेवू देणारी दुसरी बघा. ३१ तारखेचा महिना असेल तर आणखी एक मेख आहे: ३१ विषम आणि १ही विषम, त्या रात्री बाजू बदलतच नाही.

गाडी लावल्यावर बोर्ड आणि नंबर प्लेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढून ठेवा. सकाळी गाडी जागेवर दिसली नाही तर आधी टोइंगकडे चौकशी करा, चोरीची तक्रार त्यानंतर.