चिकुनगुनिया होऊन दोन महिने झाले, सकाळी अजून मूठ वळत नाही

सुरंगी, मालवणजवळ

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आदल्या दिवशी मला एकदम थंडी वाजून ताप भरला आणि संध्याकाळपर्यंत घोटे, मनगटं अशी धरली की पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला धरून गेले. ताप चार दिवसांत उतरला, अंगावर पुरळ आलं होतं तेही गेलं, सहाव्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा चिकुनगुनिया निघाला, डेंगू नव्हता. आता दिवाळी तोंडावर आलीय तरी सकाळी बोटं मिटतच नाहीत, गरम पाण्यात धरली की अर्ध्या पाऊण तासाने जरा सैल होतात. आडाळ्यावर नारळ खवायला बसले तर वाटी हातातून सुटते, कपडे मुलगा पिळून देतो. घरचे म्हणतात ताप गेला म्हणजे बरी झालीस, कामाला लागलीस की अंग आपोआप मोकळं होईल. मला तर दुपारी विहिरीपर्यंत जाऊन आलं तरी पडून राहावंसं वाटतं.

खरी काळजी पुढेच आहे. धाकटी मुलगी मुंबईहून बाळंतपणाला येतेय, आठवा लागेल तिला. माझ्यापासून तिला लागेल का? भांडी, अंथरूण वेगळं ठेवू का? वाडीत अजून दोन घरांत ताप आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

कातळसडा, रत्नागिरी

ताई तुमचं वाचून मला माझी गेल्या वर्षीची दिवाळी आठवली. घरचे काही म्हणोत, ताप जाणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत या आजारात. बऱ्याच जणांचं दुखणं दोन तीन आठवड्यांत थांबतं पण काहींचं महिनोनमहिने राहतं, माझं साडेचार महिने राहिलं आणि तेही एकदम नाही गेलं, आधी घोटे सुटले मग मनगटं आणि शेवटी उजव्या हाताची दोन बोटं. या रोगाचं नाव टांझानियातल्या माकोंदे भाषेतलं आहे, अर्थ साधारण वाकवून टाकणारा असा, तिथे १९५२-५३ मध्ये साथ आली होती तेव्हा पडलेलं. मी न्हाणीघरात चुलीजवळ वाकून उभी असायचे तेव्हा हे नाव किती खरं आहे ते कळायचं.

माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. कंटाळून एका ठिकाणी गेले, तिथे इंजेक्शन आणि छोट्या गोळ्यांची पुडी मिळाली, दोन दिवसांत मी पळायला लागले, पुडी संपली की दुखणं परत दुप्पट आणि तोंड सुजलेलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पुडी बघून सांगितलं स्टिरॉइड होतं. त्याचा उपयोग कधी होतच नाही असं नाही पण कोणाला, किती, कसं कमी करत बंद करायचं हे नीट बघणाऱ्यानेच द्यायचं. गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा, बिननावाची पुडी घेऊच नका.

आणि काम असं करा की आज बरं वाटलं म्हणून सगळा फराळ एका दिवसात नको. मी त्या वर्षी सोऱ्या हातात धरलाच नाही, चकल्या जावेने पाडल्या. रोज सकाळ संध्याकाळ कोमट पाण्यात बोटं हळूहळू मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाला लावायचा, दुखेल तिथे थांबायचं. अगदीच हलवलं नाही तर सांधा आणखी आखडतो आणि जोर केला तर सुजतो, मधलं माप तुमचं तुम्हालाच सापडेल.

डोंगरवाट

ताई, मी हिवताप विभागात फिरतीवर नोकरी केली, आता निवृत्त आहे, म्हणून मुलीचं मी सांगतो. तुमच्यापासून तिला लागणार नाही. हा आजार शिवण्याने, उष्ट्याने, अंथरुणाने लागत नाही, डासानेच लागतो. विषाणू माणसाच्या रक्तात साधारण पहिला आठवडा असतो, त्या दिवसांत डास चावला तर तो पुढे नेतो. तुमचा आठवडा कधीच गेला, भांडी वेगळी ठेवू नका, लेकीला बिनधास्त जवळ घ्या.

पण त्या दोन घरांतले तापाचे पेशंट आहेत त्यांना दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपायला सांगा, हे फार महत्त्वाचं आहे. हा एडिस डास, पायांवर पांढरे पट्टे, चावतो उजेडात, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. बाळंतपणाच्या दिवसांतच आईला ताप आला तर बाळाला लागू शकतो आणि बाळाला जड जातो, म्हणून मुलगी यायच्या आधी घराभोवती फिरून घ्या. गटार बघत बसू नका, हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पागोळीखालचं पिंप, माडाखाली पडलेल्या करवंट्या, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, होडीला बांधायचे जुने टायर, लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीची खळगी, फ्रिजच्या मागचा ट्रे. अंड्यापासून डास व्हायला आठ दहा दिवस पुरतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं ओतून चालत नाही, अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि सुकी असली तरी महिनोनमहिने जिवंत राहतात, पाणी आलं की फुटतात. काथ्याने घासा. विहिरीत गप्पी मासे सोडा, आशाताईंना सांगितलंत तर मिळण्याची सोय होते.

आमच्या लोकांना मी हे सांगून सांगून थकलो, फवारणीचा धूर आला की सगळे खूश, पण धुराने उडणारा डास मरतो, पिंपातली अळी तशीच राहते.

वेळणेश्वर

औषधांच्या दुकानात बसतो म्हणून थोडं. सुरंगीताई, दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी नको आणि बीपी, मूत्रपिंड, अल्सर असं काही असेल तर मनाने अजिबात नको. वाडीतल्या नवीन तापवाल्यांना सांगा की डेंगू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नाही, रक्तस्राव वाढू शकतो. आणि चिखलात भातकापणीला उतरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर चिकुनगुनिया धरून घरी बसू नये, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखलापाण्यातून लागणारा वेगळाच ताप, असू शकतो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. तुमचे तीन महिने झाल्यावरही सांधे सुजलेले आणि सकाळचा आखडलेपणा तासभर राहिला तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

सुरंगी, मालवणजवळ

सगळ्यांचे मनापासून आभार, कातळसडा तुमचं वाचताना पहिल्यांदा वाटलं की मी नाटक करत नाहीये. घरच्यांनाही वाचून दाखवलं.

काल मुलगा आणि मी फिरलो. पागोळीखालचं पिंप झाकलेलं होतं म्हणून मला खात्री होती पण झाकण एका बाजूने वाकलंय, बॅटरी मारली तर आत शेवयांच्या तुकड्यांसारख्या अळ्या, उजेड पडला की सगळ्या वळवळत खाली. तुळशीमागे करवंट्यांचा ढीग होता, बंबाला लागतात म्हणून मीच पावसाआधी रचलेला, एकूण एक उपडी केली त्याने, चौदामध्ये पाणी होतं. पिंप त्याने काथ्याने घासलं, मला घासता येत नाही तर मी बॅटरी धरून उभी. आज त्या दोन्ही घरी जाऊन मच्छरदाणीचं सांगून आले, एका घरी नव्हतीच, आमची जुनी दिली. मुलगी गुरुवारी येतेय, तिच्या खोलीच्या खिडकीला जाळी मारायला सुतार उद्या सकाळी येईल.