अर्वाईनहून झायन-ब्राईस-ग्रँड कॅन्यन, ५ वर्षं आणि २० महिन्यांच्या मुलांसोबत: सात रात्रीत बसेल का?

कडीपत्ता:
नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लेकीला स्प्रिंग ब्रेक आहे. शनिवार ते शनिवार, सात रात्री. कॅलिफोर्नियातल्या अर्वाईनहून आमच्याच सीआरव्हीने (होंडाची एसयूव्ही) निघायचं आहे. लेक ५ वर्षांची, मुलगा २० महिन्यांचा आणि अजून मागे तोंड असलेल्या कारसीटमध्ये.

सध्या डोक्यात असं आहे: वेगास, झायन आणि ब्राईस (यूटातली दोन नॅशनल पार्क), पेज गाव (अँटिलोप कॅन्यन आणि हॉर्सशू बेंड), ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेची कड) आणि परत. नकाशावर गोल अगदी छान जुळतो. हे एवढ्या लहान मुलांसोबत झेपेल का? नसेल तर काय गाळावं? गाडीची आणि कारसीटची काय तयारी करावी? मुलाला वळणांवर गाडी लागते, तेही लक्षात घेऊन सांगा.

वाटसरू:
गोल जुळतो, पण त्यात मुलांची झोप जुळत नाही. हिशेब मांडून बघा. अर्वाईन-वेगास साधारण २६५ मैल, वेगास-स्प्रिंगडेल (झायनच्या दारातलं गाव) १६०, तिथून ब्राईस ८५, ब्राईस-पेज १५०, पेज-साउथ रिम १४०, आणि साउथ रिम-अर्वाईन ४८०. म्हणजे जवळजवळ १,३०० मैल. गूगल याला २२ तास सांगेल. २० महिन्यांचं मूल सोबत असलं की गूगलच्या वेळेची दीडपट धरायची, कारण दर दोन तासांनी त्याला सीटमधून बाहेर काढून अर्धा तास पळू द्यावंच लागतं. मग ३३ तास झाले, शिवाय सात दिवसांत पाच-सहा वेळा सामान उतरवणं आणि परत चढवणं.

माझं मत स्पष्ट आहे: पेज आणि ग्रँड कॅन्यन या खेपेला गाळा. अँटिलोप कॅन्यनमध्ये फक्त नावाहो (तिथले मूळ रहिवासी) गाइडबरोबरच जाता येतं, ठरलेल्या वेळेला. तिथे स्ट्रोलर चालत नाही आणि त्याच्या लोअर (खालच्या) भागात उभे लोखंडी जिने आहेत. टूरची वेळ मुलाच्या दुपारच्या झोपेवर आली की दोन्ही वाया. हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन दीड मैल चालायचं, आणि कड्याच्या थोड्याच भागाला कठडा आहे. पळत्या मुलाला घेऊन तिथे जीव टांगणीला लागतो. साउथ रिमसाठी दोन-तीन वर्षांनी वेगळी सहल करा.

मग असं बसतं: शनिवारी रात्री हेंडरसन (वेगासशेजारचं गाव) किंवा वेगास. रविवारी व्हॅली ऑफ फायर हे स्टेट पार्क बघत झायनकडे. रवि, सोम, मंगळ झायनजवळ. बुध, गुरू ब्राईस. शुक्रवारी परत हेंडरसन (साधारण २६० मैल), शनिवारी घरी (तेवढंच). एकही दिवस पाच तासांच्या वर ड्रायव्हिंग नाही आणि झायन ते ब्राईसचा टप्पा तर दोन तासांचाच.

झायनबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शटलच्या (पार्कच्या बसच्या) मोसमात, म्हणजे स्प्रिंग ब्रेकमध्येही, झायन कॅन्यनच्या मुख्य रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही. व्हिजिटर सेंटरला गाडी लावून पार्कच्या मोफत बसने आत जायचं. गर्दीच्या दिवसांत तिथलं पार्किंग सकाळी आठ-नऊपर्यंत भरून जातं. त्यात यूटा तुमच्यापेक्षा एक तास पुढे! तिथले आठ म्हणजे मुलांच्या अंगातले सात. तान्ह्याचं आवरून, दूध-नाश्ता करून त्या वेळेला पार्किंगमध्ये पोहोचणं होत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, स्प्रिंगडेलमध्येच, गावातल्या शटलच्या मार्गावरचं हॉटेल घ्या. महाग पडतं, पण गाडी हॉटेललाच राहते, गावची मोफत बस पार्कच्या दारात सोडते आणि दुपारच्या झोपेला खोलीवर येता येतं. दोन, हरिकेन नावाच्या गावात स्वस्त हॉटेल घेऊन (अर्ध्या-पाऊण तासावर) सकाळ तिकडच्याच भागात घालवा आणि झायनला दुपारी तीननंतर जा, तेव्हा पार्किंग रिकामं होऊ लागतं. मार्चअखेर तिथे पावणेआठ-आठपर्यंत उजेड असतो. दोन लहान मुलांसाठी मी पहिला उपाय निवडेन.

घड्याळ मात्र मुलांसाठी बदलू नका. घरी आठला झोपत असतील तर यूटात नऊला झोपवा. सात दिवसांसाठी लय मोडण्यात काही हशील नाही.

चालायला पारूस ट्रेल घ्या. व्हिजिटर सेंटरपासून सुरू होतो, एका बाजूने पावणेदोन मैल, पक्का, स्ट्रोलर आरामात जातो. पूर्ण करायची गरज नाही, कुठूनही मागे फिरा. दुसरा रिव्हरसाइड वॉक, शेवटच्या शटल-थांब्यावरून, जाऊन-येऊन २.२ मैल. झायन लॉजसमोर मोठं हिरवळीचं मैदान आहे, मुलांना मोकळं सोडायला ती सगळ्यात चांगली जागा. कॅन्यन ओव्हरलुक ट्रेल सुंदर असला तरी खाली खोल दरी आहे, या वयात नको. व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरियाचा (शेवाळासारखे जिवाणू) इशारा असतो, त्यामुळे नदीचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका. ओल्या हातांनी खाऊही नको. आणि खारींना खाऊ घालू देऊ नका, त्या खरोखर चावतात.

पाना-पक्कड:
गाडीचं मी सांगतो.

अर्वाईनला दुपारी ७० अंश फॅरनहाइट आणि ब्राईसला पहाटे २० असा फरक मार्चअखेर नेहमीचा आहे, कारण ब्राईसची कड ८,००० फुटांच्या वर आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. म्हणजे तिथे सकाळी पाच पीएसआय कमी भरणार आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागणार. पंक्चर झालं असं समजून लोक घाबरतात. चारही टायर सारखेच उतरले असतील तर ती थंडी आहे. एकच उतरला असेल तर खिळा शोधा. हवा गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. टायरवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो धरू नका. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात, ती म्हणजे काच धुण्याचं पाणी. कॅलिफोर्नियात टाकीत साधं पाणी किंवा उन्हाळी लिक्विड असतं, ते ब्राईसला गोठतं. मग रस्त्यावरचा चिखलमिश्रित बर्फ काचेवर उडाला की समोरचं काही दिसत नाही. निघायच्या आधी टाकी जवळपास रिकामी करा आणि उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं लिक्विड भरा. नुसतं वरून ओतलं तर उरलेल्या पाण्यात पातळ होऊन निरुपयोगी ठरतं.

कारसीट: कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दोन वर्षांखालचं मूल मागे तोंड करूनच बसवायचं, ४० पौंड किंवा ४० इंचांच्या पुढे गेलं असेल तरच सूट. प्रवास लांबचा आहे, पाय दुमडतात म्हणून पुढे वळवूया, असं अजिबात करू नका. पाय दुमडून बसणं मुलांना चालतं.

लेकीची सीट खालच्या अँकरवर (गाडीच्या सीटमधल्या धातूच्या कड्या) लावली असेल तर तिचं वजन आणि सीटचं वजन यांची बेरीज करा. अँकरची मर्यादा बहुतेक सीटना एकूण ६५ पौंड अशी असते, नेमका आकडा सीटच्या लेबलवर. सीट २५ पौंडांची असेल तर मुलीचं वजन ४० झालं की अँकर सोडून गाडीच्या पट्ट्याने बांधायची. वरचा टेदर (सीटचा वरचा भाग मागे बांधायचा पट्टा) मात्र दोन्ही वेळा लावायचाच. बांधून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.

ब्राईसच्या थंडीत होणारी मोठी चूक म्हणजे फुगीर जॅकेट घालून पट्टा लावणं. धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा तेवढा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा लावा, खांद्याजवळ चिमटीत पट्ट्याची घडी येत नाही इतका आवळा आणि मग जॅकेट उलटं करून वरून पांघरा. पांघरूण नेहमी पट्ट्याच्या वर.

मागच्या खिडकीशी सुटं सामान रचू नका. कूलर सीटच्या पाठीला टेकवून जमिनीवर ठेवा.

कडीपत्ता:
दोघांचेही आभार. पेज आणि ग्रँड कॅन्यन गाळले! काच धुण्याच्या पाण्याचं तर कधीच सुचलं नसतं. आता खाणं आणि उलट्या याबद्दल कुणी सांगेल का? मुलगा बाहेरचं फारसं खात नाही. खोलीत इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर) वापरता येईल.

गोधडी:
आधी वाटसरूंच्या आखणीत एक बदल सुचवते. ब्राईसला दोन रात्री नकोत, एकच पुरे. खाली उतरणाऱ्या वाटांवर मार्चमध्ये कडक बर्फ असतो, मुलांना तिथे नेता येत नाही. सनसेट ते सनराइज पॉइंट हा अर्ध्या मैलाचा पक्का रस्ता तेवढा तुमच्या कामाचा. बुधवारी दुपारी तो करायचा, गुरुवारी सकाळी दुसऱ्या टोकाचे पॉइंट गाडीतून बघायचे, की झालं. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी, ७,७०० फुटांवर, लहान मुलांची पहिली रात्र अस्वस्थ जाते, दोन रात्री कशाला? ती रात्र झायनच्या बाजूला जोडा आणि एक सकाळ सेंट जॉर्जजवळच्या स्नो कॅन्यन स्टेट पार्कला द्या. नावात स्नो असला तरी तिथे बर्फ नाही, लाल वाळूचे उंचवटे आहेत. छोटी बादली-फावडं नेलीत तर दोन तास मुलं हलणार नाहीत.

उलट्यांचं. या मार्गावर तीन जागा त्रासाच्या: अर्वाईनहून तासाभरात येणारा कहोन पास हा घाट, झायनच्या पूर्वेची बोगद्याकडे चढणारी वळणं आणि त्यापुढची हायवे ८९ची चढण. निघताना पोटभर दूध पाजू नका. कोरडं काहीतरी द्या, लाह्या किंवा खाकऱ्याचा तुकडा, आणि दूध कहोन पास चढून व्हिक्टरव्हिलला पोहोचल्यावर. वळणांवर स्क्रीन आणि पुस्तक दोन्ही बंद. एसी जरा गार ठेवा आणि बाजूच्या खिडकीवरचा पडदा काढा. मागे तोंड असलेल्या मुलाला समोरचं दिसत नाही, बाजूचंही झाकलं तर त्रास वाढतो. ड्रामामाइन (गाडी लागण्यावरचं औषध) दोन वर्षांखाली देत नाहीत, त्यामुळे मुलासाठी तो विषयच नको. लेकीला लागलंच तर डॉक्टरांना विचारा आणि पहिला डोस घरी देऊन बघा, काही मुलं झोपण्याऐवजी उलट चेकाळतात.

उलटी झालीच तर कारसीटचे पट्टे मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच किंवा जोरदार साबणही नको, त्याने पट्ट्याचा धागा कमजोर होतो. ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा. मुलाच्या खाली जाड टॉवेलही घालू नका, पट्टा सैल राहतो. एका झिप पिशवीत पूर्ण कपड्यांचा जोड, दोन फडकी आणि एक रिकामी पिशवी असा संच करा. असे तीन संच, आणि ते डिकीत नाही, पायाशी.

खाणं. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या. पुढे खिचडी. घरूनच पिशव्या भरून न्या: एका पिशवीत १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी भाजलेली मूगडाळ, हळद, हिंग, जिरं, मीठ. खोलीवर धुवायचं नसेल तर डाळ-तांदूळ घरी धुऊन, कडक वाळवून भरा. पाणी पाच वाट्या, मऊ हवी तर सहा. उंचीचा हिशेब मात्र ठेवा. २,००० फुटांच्या वर दर १,००० फुटांना इन्स्टंट पॉटची वेळ साधारण ५ टक्क्यांनी वाढवायची. स्प्रिंगडेलला (३,९०० फूट) १० मिनिटांची ११ होतात, ब्राईसला १३. साधा राइस कुकर ब्राईसला फसतो, कारण तिथे पाणी ९२-९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं आणि डाळ कच्ची राहते. सोबत तूप, मेतकूट आणि घट्ट झाकणाचं लिंबाचं गोड लोणचं. हवाबंद पिशव्या उंचीवर फुगतात, शॅम्पूच्या बाटल्याही, त्या उभ्याच ठेवा आणि सावकाश उघडा.

दूध, दही, फळं हरिकेनच्या वॉलमार्टमध्ये घ्या. स्प्रिंगडेलमध्ये किराणा महाग आणि निवड थोडी. कूलरमध्ये बर्फाऐवजी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर वितळल्यावर तेच पाणी प्यायला होतं.

वाटसरू:
गोधडींशी सहमत, ब्राईसला एकच रात्र. मग गुरुवारी दुपारी सेंट जॉर्जला उतरा, शुक्रवारी सकाळी स्नो कॅन्यन आणि दुपारच्या झोपेच्या वेळी वेगासकडे दोन तास.

ब्राईसहून उतरताना एक काळजी. गूगल कधी कधी सीडर सिटी गावाकडे जायला यूटा १४ हा राज्य रस्ता सुचवतं. तो रस्ता जवळजवळ १०,००० फुटांवरून जातो, मार्चमध्ये बर्फ असू शकतो आणि वळणंही खूप. हायवे ८९ने उत्तरेला जाऊन यूटा २० घ्या आणि आय-१५ या मोठ्या हायवेला लागा. थोडं लांब, पण सौम्य, मुलाच्या पोटालाही बरं.

परतताना शनिवार ठेवलात ते उत्तम, रविवारी दुपारी वेगासहून कॅलिफोर्नियाकडे येणारा आय-१५ तुंबतो. सीमा ओलांडल्यावर शेतमालाची तपासणी चौकी लागते. संत्री, लिंबं आणि बाकी फळं आधीच संपवा, नाहीतर ती काढून घेऊ शकतात.

पास: झायन आणि ब्राईस दोन्हीकडे गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो, सोबत फोटो ओळखपत्र हवं. म्हणजे दहाच डॉलर जास्त देऊन वर्षभरात जोशुआ ट्री किंवा डेथ व्हॅलीही होईल. लेकीला दोन्ही पार्कांत ज्युनिअर रेंजरची (मुलांसाठीच्या उपक्रमाची) पुस्तिका मोफत मिळते. ती पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे बसच्या रांगेत तिला काम असेल.

पाना-पक्कड:
पेट्रोल वेगासच्या वाटेवरच्या बार्स्टोला भरा, बेकरला नको, तिथे बरंच महाग पडतं. आणि ब्राईसला चढण्याआधी अर्ध्याच्या वर टाकी असू द्या, बर्फात रस्ता बंद झाला तर हीटर तासन्‌तास चालू ठेवावा लागतो. त्या वेळी गाडी उभी असेल तर एक्झॉस्टच्या तोंडाशी बर्फ साचलेला नाही ना, ते खाली उतरून बघा.