छोट्या पोकर स्पर्धेत आधी काय सुटते: डोके की हिशेब?

इस्पिकराणी (धागाकर्ती)

नऊ जणांचे एकच टेबल आणि पहिल्या तिघांना ५०, ३० व २० टक्के बक्षीस, अशा छोट्या स्पर्धा मी बरीच वर्षे खेळते आहे, आणि माझे ठाम मत झाले आहे की त्यांतून बहुतेक माणसे पानांमुळे नव्हे, तर रागामुळे बाहेर पडतात. माझाच एक डाव सांगते. माझ्या हातात दोन एक्के होते, समोर दोन राजे, त्याच्या सगळ्या चिप्स मध्ये, आणि रिव्हरवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पाचव्या व शेवटच्या पानावर, तिसरा राजा उतरला. फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पाने उघडण्यापूर्वी, एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला शंभरांतून साधारण ८२ वेळा हरवते. उरलेल्या अठरांपैकी ही एक वेळ आहे, हे मला त्या क्षणीही पाठ होते. तरीही पुढच्याच डावात, ११०० चिप्स उरलेल्या, ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पाने मिळण्यापूर्वीच लावायच्या सक्तीच्या रकमा, लहान व मोठी) ५०-१००, टेबलावर आठ जण आणि सर्वांत आधी बोलायची पाळी माझी, असे असताना मी वेगवेगळ्या चिन्हांच्या राजा-अठ्ठीवर ऑल-इन केले, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावल्या. दुसरे पान धड पाहिलेही नव्हते, तोवर हात चिप्सकडे गेला होता. यालाच टिल्ट म्हणतात. तेव्हापासून मोठा डाव हरल्यावर पुढचे दोन डाव, एक्के किंवा राजे यांची जोडी आली नाही तर, मी मुकाट्याने पाने टाकून डाव सोडते.

हिशेबनीस

आपल्याशी मी सहमत नाही. हीच राजा-अठ्ठी, हेच ११ बिग ब्लाइंड (मोठ्या ब्लाइंडच्या ११ पट चिप्स) आणि हाच राग घेऊन आपण स्मॉल ब्लाइंडवर, म्हणजे लहान ब्लाइंड भरणाऱ्या जागेवर, असता आणि आधीच्या सर्वांनी पाने टाकलेली असती, तर तोच ऑल-इन हिशेबाने योग्य ठरला असता. तिथे आपल्यामागे एकच जण बोलायचा उरतो, पहिल्या जागेवर सात; चूक जागेची होती, रागाची नव्हे. शिवाय आपला नवा नियम पाहा: त्या जागेनंतरचाच डाव आपल्या बिग ब्लाइंडचा असतो, म्हणजे मन शांत करण्याची किंमत ११०० पैकी १०० चिप्स.

खरे नुकसान तर शांत डोक्यानेच होते. चौघे उरले आहेत, सर्वांच्या चिप्स सारख्या आहेत, म्हणजे बक्षिसांच्या रकमेत प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. कोणी ऑल-इन केले, आपण कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, जिंकलात, तर टेबलावरच्या निम्म्या चिप्स आपल्याकडे येतात; वाटा मात्र ५० टक्के होत नाही, साधारण ३८ टक्क्यांवरच थांबतो, कारण पहिल्या क्रमांकालाही सगळी रक्कम मिळत नाही. हरलात तर वाटा शून्य. म्हणजे, ब्लाइंडचे पैसे सोडून दिले तर, कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास हवी. वेगवेगळ्या चिन्हांचे एक्का-राजा कोणत्याही दोन पानांविरुद्ध जेमतेम तेवढेच जिंकतात. समोरचा पाने न पाहता ऑल-इन करत असला तरी आपली केवळ बरोबरी! तिथे एक्का-गुलामावर निवांतपणे कॉल करणाऱ्या माणसाला टिल्ट झालेला नसतो, त्याला बेरीज येत नसते.

चौकटदुर्री

मध्येच एक आकडा टाकून जातो. दर वेळी ८० टक्के शक्यता बाजूने असताना चार ऑल-इन लागोपाठ जिंकण्याची शक्यता ४१ टक्के असते. सर्व काही बरोबर करूनही घरी जाणेच अधिक संभवते, हे ज्याला सोसत नाही, त्याला हिशेबनीसांचा हिशेब शिकवून उपयोग काय?

इस्पिकराणी

दोन डावांच्या नियमाबाबत हिशेबनीस बरोबर आहेत. २५ बिग ब्लाइंडांहून अधिक चिप्स असतील तरच तो मी पाळीन. पण बाकीचे मला पटत नाही. पहिल्या जागेवरून राजा-अठ्ठी टाकायची असते, हे मला ठाऊक नव्हते असे आपल्याला वाटते का? ठाऊक होते, फक्त त्या दहा सेकंदांत ते हाताशी नव्हते. आणि टिल्ट म्हणजे केवळ संताप नव्हे. बक्षिसाच्या उंबरठ्यावर भीतीपोटी डावामागून डाव सोडत तीन बिग ब्लाइंडांवर येणारा माणूस अगदी शांत दिसतो, आणि मग त्याच्या ऑल-इनला कोणीही, कशावरही कॉल करतो.

हिशेबनीस

भीतीचा मुद्दा मान्य, पण त्यावर इलाज हिशेबाचाच आहे. दहाच्या आसपास बिग ब्लाइंड उरले की कोणत्या जागेवरून कोणत्या पानांवर ऑल-इन करायचे, हे मी खेळायला बसण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवतो. मग ऐन वेळी मन काय म्हणते, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

इस्पिकराणी

असा कागद माझ्याकडेही होता. त्या डावाच्या वेळी तो माझ्या कोपराखाली होता. असो, आपल्या कागदावर पहिल्या जागेवरून, ११ बिग ब्लाइंड असताना, एकाच चिन्हाची राजा-दश्शी आहे का? माझ्या कागदावर तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले आहे.